कवडीच्या जुन्या तपकीर-डबीवर पुन्हा पुन्हा येणारी पांढरी पूड

डबी अठराव्या शतकातली, स्कॉटिश: मोठी ठिपकेदार कवडी आणि तिच्या पोटावर बिजागरीचं चांदीचं झाकण. कवडीवर पांढरी पूड धरायची, चांदीच्या कडेला जास्त. पुसली की काही आठवड्यांत परत. वास किंचित आंबट, व्हिनेगरसारखा.

बुरशी समजून ऊन दिलं, खोबरेल लावलं. शून्य फरक, अक्षरशः वैतागलो.

ही बुरशी नव्हेच. डबी ओकच्या लाकडी खणात असायची. त्या लाकडातून अ‍ॅसिटिक आम्लाची वाफ सुटते, ती कवडीतलं कॅल्शियम कार्बोनेट खाते आणि क्षार वर येतात. १८९९ मध्ये ब्रिटिश शंखशिंपले-अभ्यासक बाईन यांनी याचा दोष जीवाणूंना दिला होता. नाव मात्र आजही ‘बाईनचा रोग’च.

उपाय असा. आधी डबी ओकच्या खणातून बाहेर काढली. मऊ कोरड्या ब्रशने पूड झटकली. मग कापसाची काडी डिस्टिल्ड वॉटरमध्ये जेमतेम ओलसर करून एकेक छोटा भाग पुसला, लगेच टिपकागदाने टिपला. काडी दर वेळी नवी. चांदीच्या पट्टीखाली पाणी शिरू द्यायचं नाही. झाकण उघडं ठेवून सावलीत वाळवली.

चांदीला फक्त खडूची बारीक भुकटी, तीही कवडीला न लागता. चिंच, लिंबू, सिल्व्हर डिप (चांदी बुडवून उजळायचं द्रावण) अजिबात नको. आम्लानेच तर हे सगळं झालंय.

आता डबी आम्लविरहित कागदात, पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात, पत्र्याच्या कपाटात आहे. पूड थांबली. गेलेली चकाकी परत येत नाही.