धरणातील माशांमधील कृमी: साफ करताना आणि शिजवताना घ्यायची काळजी

खडकवासला, पानशेत किंवा उजनीच्या जलाशयातून आणलेली मरळ चिरताना आत हलणारी अळी दिसली, की पुण्यातल्या अनेक घरांत अख्खा मासा टाकून दिला जातो. त्याची बहुधा गरज नसते. मोकळ्या पाण्यात वाढलेल्या माशाच्या अंगात कृमी असणे स्वाभाविक आहे आणि तेवढ्यावरून मासा शिळा ठरत नाही.

मरळीच्या पोटात किंवा मांसात वेटोळे करून बसलेली तांबडी अळी बहुधा युस्ट्राँगिलायडिस या गोलकृमीची असते. त्याची अंडी पाणकावळे आणि बगळे यांच्या विष्ठेतून पाण्यात पडतात, गाळातील बारीक जंतांच्या पोटात वाढीला लागतात आणि पुढे लहान माशांमार्फत शिकारी माशांपर्यंत पोहोचतात; त्यामुळे भिगवणसारख्या पक्षीबहुल भागातील मासा अधिक बारकाईने तपासावा. मांसातील पिवळसर दाणे किंवा त्वचेवरील काळे ठिपके हे गोगलगायींमार्फत आलेल्या चपट्या कृमींचे असू शकतात. वाम माशाच्या आतड्यात पांढरे फीतकृमी सापडतात, पण ते आतड्याबरोबरच निघून जातात.

मासा हाती येताच त्याचे पोट साफ करावे, कारण काही जातींच्या अळ्या मासा मेल्यानंतर आतड्यांतून मांसाकडे सरकतात. चीर उथळ द्यावी, आतडे फाटू देऊ नये आणि पोटाची पोकळी भरपूर पाण्याने धुवावी. नंतर पातळ तुकड्या करून त्या उजेडासमोर धराव्यात आणि दिसलेली अळी सुरीच्या टोकाने आजूबाजूच्या थोड्या मांसासह काढावी. जिथे तिथे अळ्याच असतील तो मासा मात्र खाऊ नये.

नजरेतून सुटलेल्या अळीवर खरा उपाय उष्णतेचाच आहे. हळद, मीठ आणि लिंबू लावून मासा कितीही मुरवला तरी अळ्या मरतील याचा भरवसा नसतो. तुकडीच्या मध्यभागी तापमान 63 अंश सेल्सिअसला पोहोचले पाहिजे. तापमापक नसेल तर काट्यालगतचे मांस पूर्ण पांढरे होऊन सहज सुटते का, हे पाहावे. तव्यावर जाड तुकडी बाहेरून कुरकुरीत झाली तरी आत कच्ची राहते, म्हणून तिला चिरा द्याव्यात. गोठवायचे असेल तर उणे 20 अंशांवर सात दिवस लागतात, आणि घरातल्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा बऱ्याचदा तितका थंड नसतो.

हैदराबादला दम्यावर उपाय म्हणून मरळीचे जिवंत पिल्लू गिळण्याची प्रथा आहे. ती कोणीही अनुसरू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. अमेरिकेत जिवंत लहान मासे गिळलेल्यांच्या आतड्याला याच तांबड्या अळीने भोक पाडल्याची नोंद आहे.

काढलेली आतडी पाण्यात फेकू नयेत आणि कुत्र्यामांजरांना कच्ची घालू नयेत. ती खोल पुरावीत. कच्चा किंवा अर्धकच्चा मासा खाल्ल्यानंतर पोटात तीव्र दुखू लागले अथवा त्वचेखाली जागा बदलणारी सूज आली, तर स्वतःच्या मनाने जंताचे औषध न घेता डॉक्टरांकडे जावे आणि कोणता मासा कसा खाल्ला होता हे त्यांना आधी सांगावे.