तेल सुटेपर्यंत: हेझलनट आणि घरचा चॉकलेट स्प्रेड

आमचे सासरे तरुणपणी कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत जायचे. थंडाईची त्यांची दगडी कुंडी अजून आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात आहे. बदाम घोटायला बसलं की ते एकच सांगतात, "तेल सुटंस्तवर हात थांबवायचा न्हाई." त्यांच्या नातवासाठी, म्हणजे माझ्या लेकासाठी, मी चॉकलेट-हेझलनट स्प्रेड घरी करायला लागले, तेव्हा या वाक्याचा मला कुठल्याही रेसिपीपेक्षा जास्त उपयोग झाला.

करायला लागले त्याचं कारण लेबल. लेकानं विकतच्या न्यूटेला स्प्रेडची बाटली आठवड्यात संपवली, म्हणून मी चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली. सगळ्यात आधी साखर, मग पामतेल. न्यूटेलात हेझलनट १३ टक्के असतात आणि साखर निम्म्याहून जास्त, हे कंपनी स्वतःच छापते. म्हणजे १५ ग्रॅमच्या एका मोठ्या चमच्यात साधारण ८ ग्रॅम साखर, चहाचे दोन चमचे. कधीतरी खायला हरकत नाही. पण हेझलनटचे गुण ऐकून ते या बाटलीच्या खात्यावर मांडू नका.

गुण आहेत ते दाण्यात. १०० ग्रॅम हेझलनटमध्ये सुमारे ६० ग्रॅम स्निग्धांश असतो, पण त्यातला बहुतेक ऑलिव्ह तेलात असतो त्या जातीचा, हृदयाला मानवणारा. शिवाय १५ ग्रॅम प्रथिनं, जवळपास १० ग्रॅम तंतू, १५ मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व आणि भरपूर मॅंगनीज. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २००३ साली सुक्यामेव्याबद्दल एक विधान छापायला परवानगी दिली, त्यात हेझलनटही येतात: कमी संपृक्त चरबीच्या आहारात रोज सुमारे ४२ ग्रॅम खाल्ल्यास हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो. पुरावा तसं सुचवतो, सिद्ध करत नाही, हेही त्याच विधानात आहे. उष्मांक मात्र १०० ग्रॅमला ६०० च्या वर, त्यामुळे आमच्याकडे माणशी दिवसाला पंधरा-वीस दाणे, बस्स.

जगातले बहुतेक हेझलनट तुर्कस्तानात, काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर पिकतात. अरबीत या दाण्याला 'बुंदुक' म्हणतात. त्याच्यासारख्या गोल गोळीलाही तेच नाव पडलं आणि आपल्या 'बंदूक' शब्दाचं मूळ तिथलं. लेकाला हे सांगितल्यापासून डबा उघडला की तो "गोळ्या" मागतो.

आता कृती. पाव किलो हेझलनट घ्या. विकत घेताना एक दाणा फोडून चावा. मी एकदा लक्ष्मीपुरीतून पाकीटबंद आणले, न चाखता भाजले आणि सगळे खवट निघाले. खवटपणा भाजून जात नाही, उलट वाढतो. आतून पांढरा, कडक आणि किंचित गोड लागला तरच घ्या.

जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर पंधरा-एक मिनिटं हलवत भाजा. ओव्हन असेल तर १६० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटं. साल तडकते, घरभर वास सुटतो. एक फोडून पाहा, आत बिस्किटाचा रंग हवा. गरम असतानाच जाड पंचात बांधून पाच मिनिटं ठेवा, मग पंचावरूनच चोळा आणि सुपात घेऊन पाखडा, शेंगदाण्यासारखे. चार दाण्यांना साल राहिलीच तर राहू द्या. ती थोडी कडवट असते, पण अँटिऑक्सिडंट तिच्यातच जास्त.

दाणे कोमट असताना चटणीच्या भांड्यात घाला. मिनिटभर फिरवा, मिनिटभर थांबा, नाहीतर मोटर तापते. आधी रवा होतो, मग दाण्याच्या कुटासारखं, मग सगळं भांड्याच्या कडेला थापलं जातं आणि वाटतं, आता हे काही होत नाही. इथेच बहुतेक जणी पाणी नाहीतर दूध घालतात. घालू नका. चमच्यानं कडा खरवडून पुन्हा फिरवा. दहाव्या-बाराव्या मिनिटाला गोळा अचानक सैल पडतो, पातं मोकळं फिरायला लागतं, वर तेलाची चमक येते आणि मिश्रण इडलीच्या पिठासारखं वाहतं. हेच ते तेल सुटणं.

आता ३० ग्रॅम कोको पावडर, ७० ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि लागलंच तर दोन चमचे सूर्यफूल तेल घालून पुन्हा फिरवा. यात निदान दोन तृतीयांश हेझलनट आणि साधारण पाचवा हिस्सा साखर बसते.

कोल्हापुरात राहून साखर का, असं मलाही वाटलं. गुऱ्हाळावरून आणलेला ताजा गूळ किसून घातला, तर सगळं चिक्कीच्या गोळ्यासारखं घट्ट झालं आणि तेल वेगळं सुटलं. गुळातला ओलावा या मिश्रणाला सोसत नाही. गूळच हवा असेल तर कोरडी गूळ पावडर चाळून घाला. फक्त मधुमेह असलेल्यांनी गूळ म्हणून जास्त खाऊ नये, रक्तातली साखर त्यानंही वाढते.

हेझलनट महाग पडतात. निम्मे शेंगदाणे घातले तरी छान होतं, पण दोन्ही वेगवेगळे भाजा, शेंगदाणे लवकर होतात.

कोरड्या काचेच्या बाटलीत भरा, चमचा कोरडाच वापरा. आपल्याकडच्या जुलैच्या पावसात तर बाटली फ्रिजमध्येच बरी. तिथे स्प्रेड घट्ट होतो, खायच्या आधी थोडा वेळ बाहेर काढून ठेवा. उरलेले कच्चे दाणेही हवाबंद डब्यात फ्रिजमध्येच.

गरम नाचणीच्या भाकरीवर हा स्प्रेड मला पावापेक्षा जास्त आवडतो. नुसते भाजलेले दाणे गुळाच्या खड्याबरोबर खा, डिंकाच्या लाडवात भरडून घाला, थंडाईत निम्म्या बदामांच्या जागी वापरा. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खा दाणा देऊ नका, घशात अडकतो. सुक्यामेव्याची ॲलर्जी असलेल्यांनी या वाटेला जाऊच नये. डब्यात देण्याआधी शेजारी बसणाऱ्या मुलाचीही चौकशी करा, मुलं डबा वाटून खातात.

बाटली भरली तरी पात्याखाली दोन-तीन चमचे स्प्रेड चिकटून राहतो. भांडं घासायला टाकू नका. त्यात पेलाभर कोमट दूध आणि दोन मिरे घालून एकदा फिरवा. आमच्याकडे तो पेला सासऱ्यांचा.