दैनिक फॅन्टसी बेसबॉलसाठी सुरुवातीचा पिचर निवडताना
या खेळात खऱ्या खेळाडूंचा संघ निवडून त्यांच्या त्या दिवसाच्या कामगिरीवर गुण मिळतात. पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्या खेळाडूच्या) नावावरील विजयांपेक्षा त्याच्या स्ट्राइकआउटचे (फलंदाजाला तीन स्ट्राइकवर बाद करण्याचे) प्रमाण आधी पाहावे. कारण विजय नावावर लागण्यासाठी त्याला सहसा किमान ५ इनिंग (सामन्यातील छोटे डाव) टाकाव्या लागतात आणि संघाच्या फलंदाजीचीही साथ लागते, तर स्ट्राइकआउट बहुतांशी त्याच्याच कौशल्यावर अवलंबून असतात. प्रतिस्पर्धी फलंदाज किती वेळा स्ट्राइकआउट होतात, हेही तपासावे. मैदानाकडे दुर्लक्ष करणे ही मला सर्वांत महागात पडणारी चूक वाटते : डेन्व्हरचे कूअर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर असल्याने तेथील विरळ हवेत फटकावलेला चेंडू अधिक दूर जातो व कर्व्हबॉल (हवेत वळणारा चेंडू) कमी वळतो, म्हणून नामांकित पिचरही तेथे शक्यतो टाळावा. पावसाचा अंदाज अवश्य पाहावा, कारण खेळ दीर्घकाळ थांबल्यास सुरुवातीचा पिचर बहुधा परतत नाही.