रिटर्न फुकट भरून मिळतं, पण या चुका टाळा

बँकेतून निवृत्त झाल्यापासून रावेर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात मी दर रविवारी सकाळी बसतो. शेतमजूर, पिकअपवाले, अंगणवाडीच्या ताई, सुरतेच्या कारखान्यांतून सुट्टीला आलेली पोरं, सगळे येतात. त्यांचं आयकराचं रिटर्न भरून देतो, पासबुक वाचून समजावतो. पैसे घेत नाही. पोर्टलवर स्वतः रिटर्न भरायला सरकारही एक रुपया घेत नाही, हे सांगितलं की अजूनही निम्मी माणसं चमकतात. कोणी तरी त्यांच्याकडून आधीच हजार-पाचशे घेतलेले असतात. पैशांचं एक वेळ सोडा. त्या घाईच्या कामात होणाऱ्या चुका मी दर वर्षी त्याच त्या पाहतो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आयकराच्या पोर्टलवर मोबाइल नंबर आणि ईमेल दुसऱ्याचा असणं.

2024च्या मार्चमध्ये एक पिकअपवाला आला. केळीची भाडी मारतो, गाडी स्वतःची. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "भाऊ, मना पैसा कथा गयात?" म्हणजे माझे पैसे कुठे गेले? 2022-23 साली व्यापाऱ्यांनी त्याला साडेसहा लाखांचं भाडं दिलं होतं आणि एक टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर, म्हणून साडेसहा हजार कापले होते. जुलैत एका दुकानावर त्याने रिटर्न भरून घेतलं. दुकानदार म्हणाला, दोन महिन्यांत खात्यात जमा. आठ महिने झाले तरी काही नाही, आणि दुकानाला कुलूप.

पोर्टल उघडायला गेलो तर पासवर्ड दुकानदाराकडे, मोबाइल दुकानदाराचा, ईमेलही त्याचाच. सुदैवाने आधारला याचा स्वतःचा नंबर जोडलेला होता. आधारच्या ओटीपीवरून पासवर्ड बदलला आणि आत जाऊन पाहिलं. पाच मिनिटांत रिटर्न मिळेल अशी पाटी लावणाऱ्या त्या माणसाने पगारदारांचा आयटीआर-1 भरला होता. भाड्याचं उत्पन्न कुठे दाखवलंच नव्हतं, परतावा मात्र भाड्यावर कापलेल्या टीडीएसचा मागितला होता. असं रिटर्न सदोष ठरतं. विभागाने तशी नोटीस काढून दुरुस्तीला 15 दिवस दिले होते. नोटीस गेली दुकानदाराच्या ईमेलवर. त्याने ती उघडली की नाही, देव जाणे. उत्तर गेलं नाही, म्हणून रिटर्न अवैध झालं. उशिरा भरायची 31 डिसेंबरची मुदतही तोवर संपली होती.

बरोबर फॉर्म होता छोट्या धंदेवाल्यांचा आयटीआर-4. हलक्या मालवाहू गाडीला महिन्याला 7,500 रुपये उत्पन्न धरायची सोय कायद्यात होती, म्हणजे एका गाडीचे वर्षाचे 90,000. त्यावर कर शून्य, म्हणजे कापलेले सगळे पैसे परत मिळायला हवे होते. मग विलंब माफीचा अर्ज केला, तो मंजूर झाल्यावर नव्याने रिटर्न भरलं. पैसे हातात आले 2025च्या पावसाळ्यात, तेही व्याजाशिवाय. दहा मिनिटं जास्त दिली असती तर हेच पैसे 2023च्या दिवाळीला मिळाले असते. मला अजूनही त्याचा राग येतो.

म्हणून माझी सवय अशी: रिटर्नला हात लावायच्या आधी समोरच्याला त्याच्याच फोनवर पोर्टल उघडायला लावतो. प्रोफाइलमध्ये जाऊन मोबाइल आणि ईमेल कोणाचा आहे ते दोघं मिळून वाचतो. ओटीपी तो स्वतः टाकतो. पासवर्ड मी विचारत नाही, माझ्याकडे लिहून ठेवत नाही. "भाऊ, तुम्हीच ठेवा ना, माझ्याकडून हरवेल," असं प्रेमाने म्हणतात. नाही म्हणजे नाही. मी उद्या आजारी पडलो तर? शंभर पानी वही आणायला सांगतो. पहिल्या पानावर पॅन, खातं, पोर्टलला दिलेला मोबाइल. पासवर्ड वेगळ्या चिठ्ठीवर, घरातल्या देव्हाऱ्याखाली ठेवा, पण घरातच ठेवा. पुढच्या पानांवर दर वर्षीची पोच चिकटवायची.

दुसरी चूक गोड बोलून करवली जाते. "जास्तीचा रिफंड काढून देतो, त्यातले थोडे माझे." जळगावच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या आमच्या गावच्या एका पोराच्या रिटर्नमध्ये असंच कोणी तरी राजकीय पक्षाला देणगी दाखवली. ज्या घरात बहिणीच्या लग्नाचं कर्ज फिटत नाही, त्या घराने पक्षाला चाळीस हजार दिले म्हणे! परतावा आला, पोरगा खूश. मग विभागाचा मेसेज आला तेव्हा बाप रात्री नऊ वाजता माझ्या दारात. आम्ही अद्ययावत रिटर्न (आयटीआर-यू) भरलं. घेतलेला परतावा, त्यावरचं व्याज आणि वर 25 टक्के जादा कर असं सगळं भरावं लागलं. स्वतःहून भरलं म्हणून एवढ्यावर निभावलं. खोटी माहिती पकडली गेली तर चुकवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. आणि तो दंड तुमच्या पॅनवर बसतो, ज्याने भरून दिलं त्याच्यावर नाही. पावती नसेल तर वजावट नाही, इथे मी कोणाचंही ऐकत नाही.

असंच दुसरं टोक म्हणजे "शेतीला कर नाही ना, मग सगळं केळीतच दाखवा." भाडं, दुकान, दलाली हे शेतीचं उत्पन्न नाही. सातबाऱ्यावर अर्धा एकर आणि केळीचे नऊ लाख, हे कोणालाही दिसतं.

आता भराभर. रिटर्न भरल्यावर 30 दिवसांत ई-पडताळणी करायची असते, नाही तर भरलेलं न भरल्यासारखं. पॅन-आधार जोडणी राहिली असेल तर 1,000 रुपये भरून आधी ती करा, बंद पडलेल्या पॅनवर परतावा येत नाही आणि टीडीएसही जास्त कापला जातो. परताव्यासाठी बंद खात्याचा नंबर देऊ नका, पासबुकावरचं नाव आणि पॅनवरचं नाव जुळतंय का बघा. ठेवीच्या व्याजातून टीडीएस कापू नये म्हणून द्यायचा फॉर्म एप्रिलमध्येच द्या, आणि दर वर्षी द्या. मे महिन्याच्या शेवटी खात्यात थोडी शिल्लक ठेवा. 20 रुपयांचा अपघात विमा आणि 436 रुपयांचा जीवन विमा तेव्हाच कापला जातो, आणि तो कापला गेलाय का ते जूनमध्ये पासबुक भरून तपासा. मायक्रोफायनान्सचं कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही. कोणी मागितला तर लेखी मागा.

माझ्या शेजारी बसून शिकायला कॉमर्सची मुलं येतात, त्यांच्यासाठीही एक. संगणक पटपट चालतो याचं कौतुक मला नाही. गेल्या वर्षीचं रिटर्न समोर ठेवून आकडे बदलू नका. आधी पोर्टलवरून एआयएस आणि 26एएस, म्हणजे पॅनवर नोंदलेलं उत्पन्न आणि कापलेला कर दाखवणारे तक्ते, उतरवा, समोरच्याला प्रत्येक ओळ वाचून दाखवा, "हे व्याज कुठलं?" असं विचारा. मागे असंच विचारल्यावर एका मावशींना स्वतःचीच विसरलेली पोस्टातली ठेव आठवली.

आणि पतसंस्था. यावर बोलताना माझा आवाज चढतो. जळगाव जिल्ह्यात किती घरांची लग्नाची, म्हातारपणाची पुंजी पतसंस्थांत अडकली, हे इथे कोणाला सांगायला नको. तरीही दर महिन्याला कोणी तरी विचारतं, "भाऊ, तिथे दोन टक्के जास्त देतात, टाकू का?" बँक बुडाली, अगदी सहकारी बँकही, तर एका बँकेत एका माणसाच्या 5 लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. नावात 'बँक' असल्यासारखा बोर्ड बघून फसू नका, ठेव विमा महामंडळाचं संरक्षण आहे का ते शाखेतच विचारा. माझ्यापुरतं म्हणाल तर मजुरीचा पैसा मी पोस्टातच टाकायला सांगतो. व्याज थोडं कमी मिळेल. मिळू द्या.

यायचं असेल तर जूनमध्ये या. 31 जुलैच्या आदल्या रविवारी पन्नास माणसं रांगेत असतात, आणि तेव्हा मलाही घाई होते. येताना सगळ्या खात्यांची भरून आणलेली पासबुकं, आधार, पॅन आणि आधारला जोडलेला फोन आणा. फोन पोराकडे सुरतेला असेल तर पोरालाच फोन लावून बसू.

तो पिकअपवाला आता टीडीएस कापूच देत नाही. वर्षभरात दहापेक्षा जास्त मालवाहू गाड्या नसलेल्या वाहतूकदाराने पॅनसह तसं लिहून दिलं की भाड्यातून टीडीएस कापायची गरज नसते, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. या एप्रिलमध्ये त्याने चार व्यापाऱ्यांना चार पत्रं दिली. चारही पोचा त्याच्या वहीत चिकटवलेल्या आहेत, आणि पोर्टलवर नंबर त्याचा स्वतःचा आहे.