पतसंस्थेनं ठेव बुडवली तर संचालकांना कसं धरायचं

मूळ पावती कुणाच्याही हातात द्यायची नाही, हे सगळ्यात आधी. मॅनेजर म्हणेल पावती द्या रिन्यू करून देतो, चेअरमनचा माणूस घरी येऊन म्हणेल सगळ्यांच्या पावत्या गोळा करायलोय पुढच्या आठवड्यात चेक निघतील, पिग्मी एजंट, म्हणजे रोजची बचत गोळा करायला येणारा, तर आपल्याच गल्लीतला असतो, त्याला नाही म्हणणं जीवावर येतं, तरी द्यायची नाही. झेरॉक्स द्या. दोन्ही बाजूंचे फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा आणि मूळ पावती घरातच राहू दे, कारण उद्या कोर्टात तुमच्याजवळ तेवढा एकच कागद असणार आहे.

आमचे अप्पा तासगाव तालुक्यातले, द्राक्षबागवाले. एका वर्षी बेदाण्याला बरा भाव मिळाला, ते ४ लाख २० हजार त्यांनी गावाजवळच्या एका पतसंस्थेत ठेवले, माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी म्हणून. मुदत संपली तेव्हा पुढच्या महिन्यात या म्हणाले. मग दिवाळीनंतर या, मग मार्च एंड होऊ दे. नंतर एक दिवस अर्धं शटर खाली आणि आत एकटा शिपाई. अप्पांनी त्या पावत्या कॅरीबॅगेत घालून देव्हाऱ्यामागं ठेवल्या होत्या आणि घरात त्याविषयी कुणी बोलायचं नाही असं झालं होतं, जसं काय चूक त्यांचीच होती. मी सांगलीला मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशोब लिहिते, त्यामुळं कागद वाचायची सवय, म्हणून हे काम माझ्याकडं आलं. मी काय काय केलं आणि कुठं चुकले ते सगळं लिहिते, कारण आपल्या जिल्ह्यात असे अप्पा गावोगाव आहेत.

एक गैरसमज आधी काढून टाका. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो (फेब्रुवारी २०२० पासून, त्याआधी १ लाखच होता), तो पतसंस्थेला लागू नाही. नावात सहकारी आहे, आत काउंटर आहे, पासबुक मिळतंय म्हणून ती बँक होत नाही. म्हणजे रिझर्व्ह बँकेला पत्र लिहून वर्ष घालवू नका, आमच्या संस्थेच्या ठेवीदारांतल्या काहींनी घालवलं.

दुसरं, संस्थेचं नोंदणी सर्टिफिकेट बघा. महाराष्ट्राच्या कायद्याखाली नोंदणी असेल तर तालुक्याला सहाय्यक निबंधक (संस्थांवर देखरेख करणारा सहकार खात्याचा अधिकारी), जिल्ह्याला जिल्हा उपनिबंधक, ज्याला सगळे डीडीआर म्हणतात, त्यावर कोल्हापूरला विभागीय सहनिबंधक आणि पुण्याला सहकार आयुक्त. मल्टिस्टेट असेल तर मात्र मालक दिल्लीत, केंद्रीय निबंधक, आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्यांच्यासाठी सहकारी लोकपाल पण आहे, तिकडं तक्रार करायची. हे न बघता अर्ज केला की चार महिन्यांनी उत्तर येतं की हा विषय आमच्या अखत्यारीत नाही.

आता मुख्य मुद्दा. लोक म्हणतात संस्था बुडाली. संस्था काय आपोआप बुडत नाही हो, संस्थेला हात नसतात सही करायला. कुठल्या तरी तारखेला एक मीटिंग झालेली असते, त्यात कुणाला तरी विनातारण कर्ज मंजूर झालेलं असतं, त्या ठरावाला सूचक असतो, अनुमोदक असतो आणि खाली सह्या असतात. आपल्याला ती तारीख, तो ठराव आणि त्या सह्या पाहिजेत. "माझे पैसे द्या" एवढ्यावर तुम्ही फिरत राहिलात तर ते सहानुभूती देतात, चहा पाजतात, पण अमुक तारखेच्या अमुक ठरावावर तुमची सही आहे ना असं विचारलं की चेहरा बदलतो, हे मी समोर बसून बघितलंय.

ते कागद मिळवायचे कसे? सहकार कायद्याच्या कलम ३२ नं सभासदाला हक्क दिलाय की संस्थेच्या ऑफिसात बसून ताळेबंद, नफातोटा पत्रक, सभासदांची यादी, सर्वसाधारण सभेचं आणि संचालक मंडळाच्या सभेचं प्रोसिडिंग फुकट बघायचं, आणि फी भरून नक्कल मागितली तर १ महिन्यात द्यायची. आपण बहुतेक वेळा नुसते ठेवीदार किंवा नाममात्र सभासद असतो, म्हणून आमच्यात जो जुना भागधारक होता त्या काकांना पुढं केलं आणि मी सोबत वही घेऊन बसले. दुपारभर बसलो. एका वर्षाच्या ११ मीटिंगांची पानं एकाच पेनानं, एकाच शाईत, एकाच बसणीत लिहिलेली दिसत होती, आणि त्यातल्या एका पानावर ज्या संचालकाच्या मेव्हण्याला कर्ज दिलं तो स्वतःच अनुमोदक. काकांनी ते पान माझ्याकडं सरकवलं आणि नुसतं बोट ठेवलं, बोलले काहीच नाहीत.

संस्था कागद दाखवत नसेल तर माहिती अधिकार. इथं एक फसगत होते. पतसंस्थेकडं थेट अर्ज केला की उत्तर येतं आम्ही सार्वजनिक प्राधिकरण नाही, आणि ते बऱ्याच अंशी बरोबर आहे, सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये केरळच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात तसंच म्हटलंय. पण त्याच निकालात असंही आहे की निबंधकाला कायद्यानं संस्थेकडून जी माहिती मागवता येते ती तुम्ही निबंधकाकडून मागू शकता. म्हणून अर्ज डीडीआर ऑफिसच्या जन माहिती अधिकाऱ्याला करायचा. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, मजकूर १५० शब्दांच्या आत, एका अर्जात एकच विषय, हे आपल्या राज्याचे नियम आहेत. संस्था का बुडाली असं विचारू नका, प्रश्नाला माहिती म्हणत नाहीत, कागदाचं नाव घालून मागा: मागच्या ५ वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, दोष दुरुस्ती अहवाल, या संस्थेविरुद्ध आलेल्या तक्रारी आणि त्यावर झालेल्या कार्यवाहीची टिपणी. ३० दिवसांत आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, तिथंही काही नाही तर ९० दिवसांत दुसरं अपील, आपल्याला पुण्याचं खंडपीठ. तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा, माझी पहिल्या अपिलाची तारीख ४ दिवसांनी हुकली होती आणि सगळा अर्ज नव्यानं करावा लागला.

ऑडिट रिपोर्ट हातात आला की त्यातला वर्ग (अ, ब, क) बघत बसू नका, शेरे वाचा. ऑडिटरला अपहार दिसला तर त्यानं निबंधकाला विशेष अहवाल द्यायचा आणि निबंधकाची परवानगी घेऊन स्वतः गुन्हा दाखल करायचा, ही जबाबदारी कायद्यानंच त्याच्यावर टाकलीय. आमच्या संस्थेत तीन वर्षं लागोपाठ तेच शेरे, शब्द न शब्द, आणि खाली "सुधारणा अपेक्षित". मग जबाबदार एकटा चेअरमन कसा? त्या ऑडिटरचं नाव पण आम्ही तक्रारीत घातलं, आणि माझ्या मते सगळ्यांनी घालावं, कारण बघून गप्प बसलेला माणूस सुटला की पुढच्या गावात तेच होतं.

यानंतर लेखी तक्रार निबंधकाकडं, आणि त्यात स्पष्ट लिहायचं की कलम ८३ खाली चौकशी लावा आणि ८८ खाली जबाबदारी निश्चित करा. ८३ मध्ये संस्थेचा कारभार तपासतात, एक पंचमांश सभासदांनी मागणी केली तर चौकशी लावावीच लागते, नाहीतर निबंधक स्वतःहून पण लावू शकतो. ८८ हे खरं हत्यार. त्यात कुणामुळं किती नुकसान झालं ते माणसागणिक ठरवतात आणि ती रक्कम व्याजासकट त्याच्याकडून वसूल करायचा आदेश होतो, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली. म्हणजे बोजा थेट सातबाऱ्यावर. आपल्याकडं माणूस पोलिसाला भीत नाही एवढा सातबाऱ्यावरच्या बोजाला भितो. त्यामुळं संचालकांचे गट नंबर काढून ठेवा, महाभूलेखवर सातबारा फुकट बघायला मिळतो, डिजिटल सहीचा १५ रुपयांत. चौकशी लागल्याची कुणकुण लागली की बायकोच्या, जावयाच्या नावावर खरेदीखतं व्हायला लागतात, ती नोंदणी विभागाच्या साईटवर ई-सर्चमध्ये दिसतात, त्याचे प्रिंट काढून तक्रारीला जोडा.

कुठलाही कागद दिला की आवक नंबर आणि शिक्का आपल्या कॉपीवर घ्यायचाच. खिडकीतला माणूस म्हणतो ठेवून जावा, साहेब आले की देतो. शिक्का मिळेपर्यंत खिडकी सोडायची नाही, भांडायचं पण नाही, नुसतं उभं राहायचं. अगदीच नाही घेतला तर स्पीड पोस्टानं पाठवा, रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये त्यातच मिसळलंय, आणि पोचल्याचा पुरावा जपून ठेवा.

पोलिसांचा भाग वेगळा आणि तो सोबतच चालवायचा, निबंधकाची चौकशी संपायची वाट बघायची नाही. ठाण्यात हमखास सांगतात की हे दिवाणी आहे, सहकार खात्याकडं जावा. विश्वासघात आणि फसवणूक हे दखलपात्र गुन्हे आहेत, १ जुलै २०२४ पासूनचं कृत्य असेल तर भारतीय न्याय संहिता कलम ३१६ आणि ३१८, आधीचं असेल तर जुन्या दंड संहितेचे ४०६, ४०९, ४२०. तक्रारीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर घ्यायलाच पाहिजे असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं २०१३ मध्ये सांगितलंय. आर्थिक प्रकरणात आधी थोडी प्राथमिक चौकशी करतात, पण वर्षभर नाही. ठाण्यात घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी द्या, तिथंही काही नाही झालं तर प्रतिज्ञापत्रासह मॅजिस्ट्रेटकडं अर्ज. एफआयआरची कॉपी फिर्यादीला फुकट मिळते आणि नवीन कायद्यात ९० दिवसांच्या आत तपासाची प्रगती कळवायची आहे, ते लेखी मागा.

आणि एमपीआयडी लावा म्हणून आग्रह धरा. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा हा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा, यात संचालक, मॅनेजर सगळ्यांना ६ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे सरकार त्यांची मालमत्ता जप्त करतं, सक्षम प्राधिकारी नेमतं आणि विशेष कोर्टाच्या आदेशानं ती विकून पैसे ठेवीदारांना वाटतात. हा कायदा टिकेल का अशी शंका बरीच वर्षं होती, २०२२ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टानं तो वैध ठरवलाय.

एकट्यानं जाऊ नका. आमचे ३७ जण जमले. एक साधा तक्ता केला, नाव, पावती नंबर, तारीख, रक्कम, मुदत कधी संपली, आणि तो प्रत्येक तक्रारीला जोडला. ग्रुपवर शिव्या लिहायच्या नाहीत हा नियम पहिल्या दिवशी केला, कारण स्क्रीनशॉट तिकडं जातात आणि अब्रुनुकसानीची नोटीस इकडं येते. आपला हा मुलूख पत्री सरकारचा (इंग्रजांच्या काळात गावोगावी स्वतःच न्याय करणारं क्रांतिकारकांचं सरकार), त्यामुळं प्रत्येक बैठकीत कुणीतरी म्हणतंच की ह्यांना उचलून आणून चौकात उभं केलं पाहिजे. राग कळतो मला, मलाही आलाय. पण एका तरुण पोरानं मॅनेजरची कॉलर धरली आणि दोन तासांत ठाण्यात आरोपी तो झाला, मॅनेजर फिर्यादी. त्याची केस मिटवण्यात आमचे सहा महिने गेले, त्या सहा महिन्यांत मुख्य तक्रार एक पाऊल सरकली नाही.

ग्राहक आयोगाचा रस्ता छोट्या ठेवीला बरा पडतो. ५ लाखांपर्यंत फी नाही, वकील नसला तरी चालतो, पैसे नाकारल्यापासून २ वर्षांच्या आत जायचं. फक्त तिथं संचालकांना वैयक्तिक जबाबदार धरताना ८८ ची कारवाई झालीय का हा मुद्दा समोरचा वकील काढतोच, म्हणून ते आधी मागून ठेवायचं असं मी वर म्हटलं.

निबंधक ऑफिसच हलत नसेल तर? लोकशाही दिनात द्या, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कलेक्टर ऑफिसला, विजयनगरला, फक्त अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो. कुणी फाईल सरकवायला पैसे मागितले तर १०६४, लाचलुचपतवाल्यांचा नंबर. आणि शेवटी हायकोर्टात रिट, आता त्यासाठी मुंबईची एसटी धरायला नको, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय, सांगली सातारा त्यातच येतात. सकाळी निघून रात्री घरी. अप्पांच्या वयाच्या माणसाला हा फरक किती आहे ते मुंबईला तारखेला जाऊन आलेल्यालाच कळेल.

आमचं कुठंवर आलंय? एफआयआर झाला, ८८ ची चौकशी सुरू आहे, दोन संचालकांच्या जमिनीवर जप्ती आलीय. पैसे अजून नाहीत. अप्पांनी मात्र पावत्यांची कॅरीबॅग देव्हाऱ्यामागनं काढून कपाटात माझ्या फाईलशेजारी ठेवलीय आणि तारखेला स्वतः यायलेत.

एक राहिलं. आमच्या ३७ मधले दोन आजोबा या काळात गेले. त्यांच्या पावत्यांवर नॉमिनी नव्हता, आता त्यांची पोरं वारस दाखल्यासाठी कोर्टात फिरतायत आणि तोवर त्यांचं नाव तक्त्यात आहे पण सही करायला कुणी नाही. घरातल्या पावत्या काढा आणि नॉमिनीची ओळ भरलीय का ते बघा, नसेल तर संस्थेत अजून कुणी बसतंय तोवर फॉर्म भरून पोच घ्या.