अंडाशयाच्या कर्करोगातील ऑक्सिजनची टंचाई: संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी

अंडाशयाच्या कर्करोगावर पीएच.डी. करण्यासाठी येणारे विद्यार्थी बहुधा व्हीईजीएफ हे नव्या रक्तवाहिन्या वाढवणारे प्रथिन आणि त्याला अडवणारे बेव्हॅसिझुमॅब हे औषध यांपासून वाचनाला सुरुवात करतात. या विषयात काम केल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की, सुरुवात त्याच्या आधीच्या टप्प्यापासून, म्हणजे ऑक्सिजन कमी पडला हे पेशीला कसे कळते, या प्रश्नापासून करावी.

थॉमलिन्सन आणि ग्रे यांनी १९५५ साली फुप्फुसाच्या कर्करोगाचे छेद तपासून दाखवले होते की रक्तवाहिन्या असलेल्या ऊतीपासून साधारण दीडशे-दोनशे मायक्रॉन अंतरापलीकडे गाठीतील पेशी मेलेल्या आढळतात. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो त्या मृत भागाला लागून असलेला, उपासमारीतही जिवंत राहिलेला पेशींचा थर. अंडाशयाच्या कर्करोगात या चित्राला आणखी एक बाजू आहे. मूळ गाठीतून सुटलेल्या पेशी गोळे करून जलोदराच्या द्रवात तरंगतात आणि पोटाच्या आतील आवरणावर नव्याने रुजतात. तरंगत्या गोळ्याला स्वतःची रक्तवाहिनी नसल्यामुळे ऑक्सिजनची टंचाई तेथे प्रसाराच्या वाटेवरच सुरू होते.

ही टंचाई ओळखण्याच्या यंत्रणेसाठी सेमेन्झा, रॅटक्लिफ आणि केलिन यांना २०१९ चे नोबेल मिळाले. पेशी हिफ-१ अल्फा हे प्रथिन सतत तयार करत असते. ऑक्सिजन पुरेसा असेल तर प्रोलिल हायड्रॉक्सिलेज ही एन्झाइम्स त्या ऑक्सिजनचाच वापर करून प्रथिनावर खूण करतात, व्हीएचएल प्रथिन ती खूण ओळखते आणि काही मिनिटांतच हिफचे विघटन होते. ऑक्सिजन घटला की खूण होत नाही, हिफ साठते, केंद्रकात जाते आणि व्हीईजीएफसह ग्लुकोज आत घेण्याची व ग्लायकोलिसिसची (ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज तोडून ऊर्जा मिळवण्याची) अनेक जनुके चालू करते. नियंत्रण मुख्यतः प्रथिनाच्या विघटनावर असल्यामुळे हिफचा एमआरएनए (प्रथिन बनवण्याचा जनुकाचा संदेश) मोजून टंचाईचा अंदाज बांधता येत नाही. नवख्यांच्या प्रस्तावांत हाच मुद्दा मला सर्वाधिक वेळा सुटलेला दिसतो.

प्रयोगशाळेतील शिस्तही याच मुद्द्यातून येते. एक टक्का ऑक्सिजनच्या कक्षातून पेशी बाहेर काढल्या की हिफ झपाट्याने नाहीसे होऊ लागते. म्हणून प्रथिन मोजण्यासाठी पेशी शक्यतो कक्षातच फोडाव्यात, निदान बाहेर काढताक्षणी बर्फावर ठेवून विलंब न करता फोडाव्यात, आणि पोषक द्रव आधीच कमी ऑक्सिजनमध्ये मुरू द्यावा. कोबाल्ट क्लोराइड या रसायनाने हिफ स्थिर होते खरे, पण ती ऑक्सिजनची टंचाई नव्हे. पेशीची श्वसनक्रिया त्यात तशी खुंटत नाही, त्यामुळे केवळ त्यावर निष्कर्ष उभारू नये. नेहमीच्या इनक्युबेटरमध्येही सुमारे १८-१९ टक्के ऑक्सिजन असतो, तर शरीरातील बहुतेक ऊतींमध्ये तो याहून बराच कमी असतो, हेही नियंत्रण गट ठरवताना लक्षात ठेवावे.

पेशीवाण (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशींचा वंश) निवडताना विशेष काळजी घ्यावी. एसकेओव्ही-३ आणि ए२७८० या वर्षानुवर्षे सर्वाधिक वापरल्या गेलेल्या वाणांची जनुकीय ठेवण रुग्णांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या हाय-ग्रेड सीरस प्रकाराशी नीट जुळत नाही, हे २०१३ पासून माहीत आहे.

आता रक्तवाहिन्यांकडे वळू. वाढीसाठी गाठीला नव्या रक्तवाहिन्या लागतात, ही कल्पना जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये ठामपणे मांडली. १९८३ मध्ये ड्वोराक यांच्या गटाने गाठीतून स्रवणारा, रक्तवाहिन्या पाझरत्या करणारा घटक वर्णिला आणि तोच पुढे व्हीईजीएफ ठरला. अंडाशयाच्या कर्करोगात पोटात पाणी का साठते, याचे मोठे कारण या पाझरण्यात आहे. अशा घाईने वाढलेल्या वाहिन्या वाकड्यातिकड्या व गळक्या असतात, त्यांतून रक्त नीट वाहत नाही. परिणामी वाहिन्या वाढूनही टंचाई टिकते आणि हिफ पुन्हा व्हीईजीएफची मागणी करते. हे चक्र डोळ्यांसमोर असेल तर केवळ वाहिन्यांची संख्या मोजणे पुरेसे का नाही, हे समजते. ऑक्सिजन कमी असलेल्या पेशींतच चिकटून राहणाऱ्या पिमोनिडाझोलसारख्या रंजनाने टंचाईचा भागही त्याच छेदावर दाखवावा.

एवढे झाल्यावरच औषधाच्या चाचण्या वाचाव्यात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जीओजी-०२१८ चाचणीत केमोथेरपीबरोबर आणि तिच्यानंतरही बेव्हॅसिझुमॅब दिलेल्या गटात आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ १०.३ वरून १४.१ महिन्यांवर गेला, पण एकूण आयुर्मानात लक्षणीय फरक दिसला नाही. आयकॉन-७ या दुसऱ्या चाचणीत आजार अधिक पसरलेल्या, जोखमीच्या रुग्णांना मात्र आयुर्मानाचाही लाभ दिसला. असा लाभ होईल त्या रुग्णांना उपचारापूर्वीच कसे ओळखावे, यासाठी भरवशाची चाचणी अद्याप नित्य वापरात नाही, आणि प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्याने माझ्या मते याच प्रश्नाच्या जवळ जागा घ्यावी.