पहिला गेमिंग पीसी जोडताय? या चुका टाळा

पहिला गेमिंग पीसी घेणारा बहुतेक वेळा ग्राफिक कार्डाच्या नावापासून सुरुवात करतो. कार्ड ठरतं, मग त्याला शोभेल असा प्रोसेसर, मग रंगीत दिव्यांचं कॅबिनेट. उरलेल्या पैशांत एसएमपीएस (पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि मॉनिटर. हा क्रम उलटा आहे. ज्या वस्तूवर सगळ्या मशीनची वीज अवलंबून आहे आणि जिच्याकडे रोज तासन्‌तास बघायचं आहे, त्या दोन्ही उरल्यासुरल्या पैशांत आणायच्या नसतात. आधी मॉनिटर ठरवा, त्यावरून कार्ड, कार्डावरून एसएमपीएस. प्रोसेसर आणि बाकीचं त्यानंतर.

कॅबिनेटसोबत ‘फुकट’ आलेला एसएमपीएस

ऐरोलीतल्या एका कॉलेजकुमाराच्या मशीनची गोष्ट सांगण्यासारखी आहे. आय५-१२४००एफ, आरटीएक्स ३०६०, १६ जीबी रॅम. कागदावर बोट ठेवायला जागा नाही. हलके गेम तासन्‌तास चालायचे. जड गेम लावला की पंधरा-वीस मिनिटांत स्क्रीन काळी व्हायची आणि पीसी आपोआप रीस्टार्ट व्हायचा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, दर वेळी ‘कर्नल-पॉवर ४१’. या नोंदीचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. पण तो आकडा इंटरनेटवर शोधून त्याने दोनदा विंडोज टाकली, ड्रायव्हर बदलले, मित्राची रॅम लावून पाहिली. शेवटी कार्ड सर्व्हिस सेंटरला गेलं आणि तीन आठवड्यांनी ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत आलं.

एसएमपीएसचं लेबल तोवर कुणी वाचलं नव्हतं. वर ठळक अक्षरांत ५०० वॉट. खाली बारीक तक्त्यात +१२ व्होल्टच्या खान्यात २० अँपिअर. बारा गुणिले वीस म्हणजे २४० वॉट. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही जवळजवळ सगळी वीज या १२ व्होल्टच्या लाइनवरूनच घेतात. ३०६० एकटं १७० वॉटचं आणि १२४००एफ पूर्ण जोरात ११७ वॉटपर्यंत जातो. इथेच २८७ झाले. मदरबोर्ड, पंखे आणि एसएसडी अजून बाकी आहेत. शिवाय कार्ड काही मिलिसेकंदांसाठी आपल्या ठरलेल्या आकड्याच्या बरंच वर उसळी मारतं. त्या एसएमपीएसला कार्डासाठी ८ पिनची वायरच नव्हती, म्हणून दुकानातून दोन मोलेक्सचं (जुन्या पद्धतीचे चार पिनांचे जोड) एक ८ पिन करणारं कन्व्हर्टर लावून दिलं होतं. ते उपसून काढलं तर पिवळ्या वायरीच्या पिनेभोवतीचं पांढरं प्लॅस्टिक करपून तपकिरी झालेलं आणि आतली पितळी नळी सैल पडलेली. आणखी काही महिने तसंच चाललं असतं तर गोष्ट रीस्टार्टवर थांबली नसती.

नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॉटचा एसएमपीएस लावला, ज्याच्या लेबलवर १२ व्होल्टला ४५ अँपिअर, म्हणजे ५४० वॉट लिहिलेले होते. तेच कार्ड, तीच विंडोज. तक्रार संपली.

म्हणून दुकानात खोक्यावरचा मोठा आकडा बघू नका, डबा फिरवून १२ व्होल्टचा खाना वाचा. माझा हिशेब साधा आहे: कार्डाचे वॉट, प्रोसेसरचे जास्तीत जास्त वॉट आणि बाकीच्यांसाठी ७५. या बेरजेची दीडपट. ३०६० आणि १२४००एफला ते ५४३ येतात, म्हणजे ५५० वॉटचा चांगला एसएमपीएस. ११५ वॉटच्या आरटीएक्स ४०६० ला कंपनी स्वतःच ५५० सुचवते. ‘८० प्लस ब्राँझ’ हा शिक्का भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती उष्णतेत वाया जाते एवढंच सांगतो. संरक्षणाची सर्किटं चांगली आहेत की नाहीत, हे त्यावरून कळत नाही. ओव्हरकरंट आणि शॉर्टसर्किटपासूनचं संरक्षण आणि वॉरंटीची वर्षं वेगळी वाचावी लागतात.

दोन गोष्टी पाठ करून ठेवा. मॉड्युलर (वायरी काढता-घालता येणाऱ्या) एसएमपीएसच्या वायरी दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला लावायच्या नाहीत, खाच बसत असली तरी. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी कंपनीगणिक बदलते आणि भलत्या पिनेवर १२ व्होल्ट गेले की एसएसडी, हार्ड डिस्क जागच्या जागी जातात. दुसरी गोष्ट, प्रोसेसरची ८ पिन वायर (४+४) आणि कार्डाची ८ पिन वायर (६+२) दिसायला सारख्या पण आतून उलट्या असतात. जोर लावून बसवावी लागत असेल तर ती चुकीची वायर आहे.

यूपीएसचंही असंच. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो. जुन्या ऑफिसच्या पीसीला तो पुरत होता म्हणून गेमिंगला पुरेल असं नाही. पावसाळ्यात महावितरणची लाइट दोन मिनिटांसाठी जाते, तेवढ्यात यूपीएस ओव्हरलोडची शिट्टी वाजवून बंद पडतो. मधल्या दर्जाच्या मशीनला १००० व्हीए, ६०० वॉट घ्या, आणि त्यावर फक्त पीसी आणि मॉनिटर लावा. आणल्याच्या दिवशी गेम सेव्ह करून, गेम चालू ठेवूनच यूपीएसच्या सॉकेटचं बटण बंद करून बघा. काही स्वस्त यूपीएसच्या बॅटरीवरच्या विजेची वेव्ह अ‍ॅक्टिव्ह पीएफसीच्या (वीज सुरळीत ओढणारं सर्किट असलेल्या) एसएमपीएसला मानवत नाही. ते पहिल्या दिवशी कळलं तर यूपीएस बदलून घेता येतो.

आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर इलेक्ट्रिशियन बोलावून सॉकेटचं अर्थिंग तपासा. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावून गेम खेळत बसणं हा हट्ट धोकादायक आहे.

मॉनिटर सगळ्यात शेवटी ठरवण्याची चूक

मॉनिटर मोठा घ्यायचा म्हणून २७ इंची, आणि पैसे उरले नाहीत म्हणून फुल एचडी. ही जोडी टाळा. २४ इंचावर १९२०×१०८० म्हणजे इंचाला सुमारे ९२ पिक्सेल. तेच २७ इंचावर पसरले की ८२ उरतात. आपल्याकडच्या वन बीएचकेतलं टेबल फार तर दोन फूट खोल असतं. तेवढ्या जवळून अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात. २७ इंच हवा असेल तर २५६०×१४४० घ्या, म्हणजे इंचाला १०९. पण त्यात पिक्सेल पावणेदोनपटीहून जास्त आहेत आणि ते सगळे कार्डाला दर फ्रेमला रंगवायचे आहेत. म्हणजे कार्ड वरचं लागणार, मग एसएमपीएसही. मॉनिटर आधी ठरवा म्हणतो ते याच कारणाने. पहिल्या मशीनला २४ इंची, फुल एचडी, १४४ किंवा १६५ हर्ट्झचा आयपीएस (हा पडद्याच्या पॅनलचा एक प्रकार) मॉनिटर हा सगळ्यात कमी पस्तावा देणारा पर्याय आहे.

मॉनिटर चांगला घेऊनही लोक त्याचा फायदा घेत नाहीत, हे बघून जास्त वाईट वाटतं. खारघरमधल्या एका घरी १६५ हर्ट्झचा मॉनिटर आठ महिने ६० वर चालत होता. विंडोज बऱ्याचदा ६० वरच सुरू होते आणि आपल्या हाताने बदलावं लागतं. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले, मग अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले. तिथे रिफ्रेश रेट निवडा. ६० हर्ट्झला एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, १६५ ला ६ च्या आसपास. माउस नुसता गोल फिरवला तरी फरक दिसतो. यादीत १६५ येतच नसेल तर वायर बदला. जुन्या एचडीएमआय वायरीवर आणि पोर्टवर वरचे आकडे मिळत नाहीत. खोक्यात डिस्प्लेपोर्टची वायर आली असेल तर तीच लावा.

वायर लावायची ती ग्राफिक कार्डाच्या पोर्टला, म्हणजे मागच्या बाजूला खाली असलेल्या आडव्या पट्टीत. वरच्या मदरबोर्डच्या एचडीएमआयला नाही. ‘एवढं महागाचं कार्ड घेऊन गेम अडखळतो’ या तक्रारीत पहिल्यांदा वायर कुठे आहे ते बघतात, आणि बऱ्याचदा पुढचं काही बघावं लागत नाही.

खोक्यावरच्या ‘१ एमएस’ या रिस्पॉन्स टाइमच्या आकड्यावर जाऊ नका. खाली बारीक अक्षरांत एमपीआरटी लिहिलेलं असेल तर तो आकडा बॅकलाइट चालू-बंद करून मिळवलेला असतो. त्याने उजेड कमी होतो आणि बहुतेक मॉनिटरवर तेव्हा फ्रीसिंक (मॉनिटरचा वेग कार्डाशी जुळवणारी सोय) बंद ठेवावं लागतं. व्हीए या दुसऱ्या प्रकारच्या पॅनलचा काळा रंग सुंदर दिसतो, पण स्वस्त व्हीएवर अंधाऱ्या दृश्यात हलणाऱ्या वस्तूमागे काळपट ओघळ राहतो. दुकानात डेमो व्हिडिओ सोडा, एखादं काळं वेब पान उघडून भरभर वर-खाली करून बघा.

डेड पिक्सेल दुकानातच तपासा. एक-दोन पिक्सेलसाठी बऱ्याच कंपन्या मॉनिटर बदलून देत नाहीत.

रॅम

१६ जीबी घ्यायची तर ८-८ च्या दोन कांड्या. एकच कांडी लावली की मशीन सिंगल चॅनलवर चालतं आणि गेममध्ये मधूनच झटके बसतात, विशेषतः बिल्ट-इन ग्राफिक्स असेल तर फारच. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा. मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करा, एएमडीच्या डीडीआर५ बोर्डवर त्याला एक्स्पो म्हणतात. नाही केलं तर ३२०० ची रॅम २१३३, २४०० किंवा २६६६ वर चालत राहते. हे दोन मिनिटांचं काम आहे आणि तरी होत नाही, कारण बायोस उघडायला लोक घाबरतात. घाबरू नका.

डीडीआर४ आणि डीडीआर५ ची खाच वेगळी असते. एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या बोर्डवर फक्त डीडीआर५ बसते. इंटेलच्या १२ ते १४ व्या पिढीत बोर्डवर अवलंबून आहे, त्यामुळे बोर्डचं पूर्ण नाव वाचूनच रॅम घ्या.

कार्ड आणि प्रोसेसर, थोडक्यात

‘४ जीबीचं ग्राफिक कार्ड’ हे काही मोजमाप नव्हे. जीटी ७३० सुद्धा ४ जीबीत मिळतं आणि आजचे जड गेम त्यावर चालत नाहीत. सेकंडहँडमध्ये आरएक्स ५८० घेताना नावापुढे २०४८एसपी आहे का बघा. ती वेगळी, कमी ताकदीची आवृत्ती आहे, मूळ ५८० मध्ये एसपी (चित्र रंगवणारे छोटे भाग) २३०४ असतात. दुकानात कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर चालवून दाखवायला सांगा. नाही म्हटलं तर निघा. आरएक्स ६५०० एक्सटीला पीसीआयईच्या (कार्ड आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या वाटेच्या) चारच लेन आहेत. जुन्या, पीसीआयई ३.० च्या बोर्डवर ते गेमनुसार बरंच मागे पडतं.

इंटेलच्या नावाशेवटी एफ असेल तर त्यात ग्राफिक्स नाही, कार्ड नसताना डिस्प्ले येणारच नाही. रायझन ५ ५६०० चंही तेच. ५६००जी मध्ये ग्राफिक्स आहे, पण एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) ३२ ऐवजी १६ एमबी. पुढे कार्ड घ्यायचं नक्की असेल तर साधा ५६०० बरा.

प्रोसेसर नवा आणि बोर्ड जुन्या साठ्यातला असेल तर बायोस अपडेट लागू शकतो. दुकानातूनच करून घ्या. कार्ड कॅबिनेटमध्ये मावेल का, त्याची लांबी मिलिमीटरमध्ये मोजा, तीन पंख्यांचं कार्ड ३०० च्या आसपास जातं. कूलरच्या तळाची प्लॅस्टिकची फिल्म काढा.

पुढून बंद काच असलेलं कॅबिनेट घेऊ नका. हवा आत जायला जागा नाही आणि दिवे लावून तापमान उतरत नाही. पुढे जाळी हवी, तिच्यामागे धुता येणारं फिल्टर. घोडबंदर रोडला मेट्रो आणि इमारतींच्या कामांची धूळ एवढी आहे की पंधरा दिवसांत फिल्टर करडं होतं. पीसी जमिनीवर ठेवू नका.

आणताना आणि पहिल्यांदा चालू करताना

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाणार असाल तर ग्रँट रोडला पूर्वेला उतरा, आणि एका दुकानात सगळं उरकू नका. वाशी-ठाण्यातला भाव आधी लिहून न्या. प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर जीएसटीच्या बिलावर लिहून घ्या. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ याला हो म्हटलं की वॉरंटीच्या वेळी हात रिकामे. जोडलेलं मशीन टेम्पोतून आणायचं असेल तर ग्राफिक कार्ड काढून त्याच्या खोक्यात घाला. खड्ड्यात कार्डाच्या वजनाने स्लॉट तुटतो.

डिस्प्ले आला नाही तर सगळं उचकटायला घेऊ नका. बोर्डवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार छोटे दिवे असतील तर कुठला अडकलाय ते बघा. डीरॅम असेल तर एकच कांडी दुसऱ्या स्लॉटमध्ये, दोन्ही बाजूंनी खट्ट आवाज येईपर्यंत दाबा. व्हीजीए असेल तर कार्डाची वायर काढून पुन्हा लावा. एएम५ वर पहिल्यांदा चालू करताना रॅमचं ट्रेनिंग (बोर्ड रॅमशी ताळमेळ जुळवून घेतो ते) होतं आणि काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते. त्या वेळी पॉवर बटण दाबून बंद करणारे पुन्हा पहिल्यापासून ट्रेनिंग सुरू करून घेतात आणि मग ‘बोर्ड मेलेला दिला’ म्हणून दुकानात भांडायला जातात. दहा मिनिटं घड्याळ लावून थांबा. तरीही नाही आला तर बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा, एक कांडी, प्रोसेसर, कूलर आणि कार्ड एवढंच लावा. असा डिस्प्ले आला तर कॅबिनेटमध्ये बोर्डच्या मागे नको त्या जागी एखादा स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर बसतो तो छोटा स्क्रू) राहिलेला असू शकतो. तो शोधून काढा आणि मगच बोर्ड परत बसवा.